मशीन थांबलं की

लालचंदांनी पँटच्या पट्ट्यात निऱ्या खोचल्या, मोरपंखी पदर खांद्यावर टाकला आणि हात लांबवून तो पसरून धरला. समोर स्टँडवर मोबाईल होता आणि मोबाईलमागे त्यांची सून, चेलना. आता फक्त मोबाईलकडे हसून पाहायचं आणि "धरणगावला या" म्हणायचं, असं ठरलं होतं. पण त्यांनी मान डावीकडे वळवली आणि तसेच उभे राहिले.

"पप्पाजी, इकडे बघा."

"हो, बेटा." त्यांनी इकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

साडी स्वतःच्या अंगावर नेसून दाखवणं हे साडीच्या दुकानात नवं नाही. पण लालचंदांचा हात बाजारात वेगळाच समजला जाई. पिकल्या मिशांचा, ढेरी सुटलेला हा माणूस एकदा पदर सोडून उभा राहिला, की गादीवर बसलेल्या बायकांना मिशाही दिसत नसत आणि ढेरीही. दिसे ती फक्त साडी. चेलना धुळ्याहून लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांना असं बघून तोंडाला पदर लावून हसली होती. आता तिलाच वाटत होतं की हे मोबाईलवर गेलं तर दुकान वाचेल.

कारण दुकान बुडत चाललं होतं. गिऱ्हाईक जळगाव गाठत होतं, नाहीतर घरबसल्या मागवत होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की जागा भाड्याने देऊन पुण्याला जाऊ, असं चेलनाच्या नवऱ्याने, रोनकने, बापाला सांगून टाकलं होतं. चाळीस वर्षं गादीवर काढलेला माणूस भांडेल, निदान दोन दिवस जेवणार नाही, अशी त्याने तयारी ठेवली होती. लालचंद म्हणाले, "तुम्हाला ठीक वाटेल ते करा." चेलनाला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं. आखाजीपर्यंत मला व्हिडिओ करू दे, मग जाऊ, एवढं तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं.

लालचंदांच्या पत्नी लाडकुंवरबाई वारल्या त्याला वर्षही झालं नव्हतं. लालचंद रडले नाहीत. भेटायला आलेले नातेवाईक खंबीर माणूस म्हणून कौतुक करून गेले. खंबीर कसला! पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं. जेवण वाढलं की जेवत, दुकान उघडलं की बसत.

दुकानाच्या डाव्या कोपऱ्यात लाडकुंवरबाईंचं पायमशीन होतं. फॉल-पिकोचं काम त्यांचं. सुरतेहून नवा माल आला की लालचंद एकेक नमुना अंगावर घेत, पदर पसरत आणि डावीकडे पाहत. मशीन चालूच राहिलं, तर ती साडी मुकाट्याने परतीच्या गठ्ठ्यात जाई. थांबलं, तर त्याच नमुन्याचे सगळे रंग मागवले जात. याबद्दल नवरा-बायको एकमेकांशी कधी अवाक्षर बोलले नव्हते. माल निवडावा तर लालचंदभाऊंनी, असं बाजार म्हणे आणि लालचंद ते खुशाल ऐकून घेत.

आता मशीनवर कापड झाकलेलं होतं. कोणतीही साडी नेसून वळलं तरी मशीन थांबलेलंच. त्यामुळे या वर्षी गठ्ठ्यातलं काहीच परत गेलं नाही. मातकट रंगांनी, भडक छापांनी फळ्या भरल्या. पप्पांची नजर गेली, असं रोनक म्हणाला.

व्हिडिओतलं ते डावीकडे पाहणं चेलना रोज कापून टाकायची. एकदा घाईत राहून गेलं आणि नेमका तोच व्हिडिओ गावोगाव फिरला. काका कोणाकडे बघतात, असं लोक व्हिडिओखाली लिहून विचारू लागले. मागोमाग मोरपंखी साडीला मागणी आली. पारोळ्याकडच्या कुंदाबाई, जुनं गिऱ्हाईक, त्या तर एसटीने थेट दुकानातच आल्या. लेकीच्या लग्नात नेसायला त्यांना तीच साडी हवी होती.

"मी मोबाईलमा दखं तुमले," गादीवर बसता बसता त्या म्हणाल्या. "कोनाकडे दखतस, भाऊ?"

"कुठे काय, अक्का."

कुंदाबाईंची नजर कोपऱ्यातल्या झाकलेल्या मशीनवर गेली. बाजार करून येते, तोवर फॉल लावून ठेवा, म्हणाल्या.

बाहेरून फॉल लावून देणारा त्या दिवशी लग्नाला गेला होता. चेलनाने सासऱ्यांकडे एकदा पाहिलं, मग मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं आणि बसली. माहेरी शिकलेलं होतंच. लालचंदांना तिने पुढचे व्हिडिओ एकट्यानेच घ्यायला सांगितलं, बटण कुठे दाबायचं ते दाखवून ठेवलं होतं.

त्यांनी फळीवरची एक मातकट साडी घेतली, नेसली, पदर पसरून डावीकडे वळले. मशीन चालू होतं. ते थांबून राहिले. मशीन चालूच राहिलं. लालचंदांना छातीत काहीतरी टोचलं. त्यांनी निऱ्या सोडल्या, साडीची घडी घातली आणि ती बाजूला ठेवली.

"ही परत पाठवू," ते म्हणाले.

चेलनाला मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. तिने मान हलवली आणि शिवत राहिली.

मग त्यांनी दुसरी घेतली, कैरीच्या रंगाची, राणी काठांची. निऱ्या घेतल्या. पदर पसरला. वळले.

मशीन थांबलं.

धागा तुटला असेल, फॉल वळवायचा असेल. पण चेलनाचा पाय पायडलवर तसाच होता आणि डोळे त्या पदरावर.

लालचंद नेसल्या साडीनिशी गादीवर बसले. आधी खांदे हलले, मग घशातून आवाज फुटला आणि तो त्यांना आवरेना. मोबाईलचा लाल ठिपका चालूच होता. भरबाजार, दार सताड उघडं. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात धरला.

चेलना उठली नाही, जवळही गेली नाही. तिने कुंदाबाईंची साडी सुईखालून हलकेच काढून घेतली. कापडाशिवाय मशीन चालवलं की ते खराब होतं, हे तिला माहीत होतं. तिने मान खाली घातली आणि रिकामं मशीन जोरात चालवायला सुरुवात केली. रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं असेल, लालचंदभाऊंच्या दुकानात पुन्हा काम सुरू झालं.