फोडणीची बिअर

श्रावण पाळायचा आणि बिअरच्या स्पर्धेतही उतरायचं, हा शहाणपणा आमच्या प्रतापलाच सुचू शकतो.

झूटरमेर या डच गावातल्या आमच्या घराच्या बाथरूममध्ये त्याची दोन मोठी पिंपं दीड वर्ष ठाण मांडून बसली होती. आत आंबट बिअर. मी अंग चोरून अंघोळ करायची, आणि साबणाचा थेंब झाकणावर उडाला तर साहेब बाहेरून ओरडणार! शेवटी मी निर्वाणीचं सांगितलं, "ब्रेडा गावच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं तर पिंपं राहतील. नाहीतर त्यांची रवानगी." नवरा कबूल झाला. बिचाऱ्याला दुसरा कसलाच नाद नाही, हरला की चार दिवस तोंड पाडून बसतो, हे मला ठाऊक होतं. पण म्हणून मी काय जन्मभर अशी अंघोळ करू?

बिअर नेमकी श्रावणात तयार झाली. श्रावणात प्रताप थेंब घेत नाही. मी तर बारा महिने शिवत नाही. मग चव बघणार कोण? "वासावर जाऊ," म्हणाला. एकदा पिंपात नाक खुपसलं आणि ठरवलं, आमसुलं पडलीत, पण काहीतरी कमी आहे. मी मीटिंगमध्ये असताना या गृहस्थानं पळीत तूप तापवलं आणि जिरं, हिंग, कढीपत्त्याची चरचरीत फोडणी थेट पिंपात ओतली.

"अरे, बिअर आहे की आमटी?"

"पण वास बघ ना, नीलिमा!"

वास खरंच छान येत होता. म्हणून तर मला जास्त राग आला.

ब्रेडाला मारायके नावाची मुख्य परीक्षक आणखी दोघा परीक्षकांबरोबर टेबलाशी बसली होती. बिअर कुठल्या गटातली हे बनवणाऱ्यानंच सांगायचं, आणि चव गटाशी जुळली नाही तर बिअर बाद, असा तिथला नियम. मागच्या वर्षी प्रताप असाच बाद झाला होता.

"फळांची आंबट बिअर?" तिनं विचारलं.

"आमसूल फळच आहे," प्रताप म्हणाला.

"मग हे पान कसलं तरंगतंय?"

"कढीपत्ता. फोडणीचा."

"म्हणजे मसाल्यांचा गट. चवीला पुढे काय येतं, फळ की मसाला?"

"माहीत नाही. मी चाखलेली नाही."

"स्वतःची बिअर?"

"श्रावण आहे."

मारायकेनं यादीत श्रावण नावाचा गट शोधला. खरंच शोधला हो!

मागे रांग खोळंबली. प्रतापला घाम फुटला. त्याचा तो चेहरा मला बघवेना. म्हटलं, गेलं खड्ड्यात! पेला उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा बिअर तोंडाला लावली.

अगं बाई! हे तर आमसुलाचं सार!

"हे नुसतं प्यायचं नाहीच," मी मारायकेला ठणकावलं. "भाताबरोबर घ्यायचं."

"मग जेवणासोबतच्या बिअरचा गट," ती खूश होऊन म्हणाली. "पण सोबत पदार्थ लागेल."

पदार्थ होता. असल्या ठिकाणी ब्रेड-चीजशिवाय काही मिळत नाही, म्हणून मी मुगाच्या खिचडीचा डबा आणला होता. तिन्ही परीक्षकांना वाढली. मारायके एक घास खिचडीचा घेई, मग एक घोट बिअरचा. "अहो, असं नाही!" म्हणत मी तिच्या ताटलीतच बिअर ओतली आणि कालवून दाखवलं. तिघंही बोटं चाटत बसले. बाकीच्यांच्या बिअरी तिथेच कोमट होत राहिल्या.

पहिलं बक्षीस आम्हाला! फक्त या गटातलं बक्षीस पदार्थ करणाऱ्याच्या नावावर जातं. त्यामुळे माईकवरून पुकारलं ते माझं नाव.

सगळ्यांत जोरात टाळ्या प्रतापनं वाजवल्या. गाडीत बसल्यावर म्हणाला, "शब्द तो शब्द. बक्षीस खिचडीला मिळालं. पिंपं उद्या काढतो." मग हळूच विचारलं, "कशी होती गं?"

इतके महिने खपून केलेल्या त्या बिअरची चव सगळ्यांना कळली होती, एक त्याला सोडून. मला एकदम भरून आलं.

"चांगली होती रे. खूप चांगली. हिंग तेवढा जास्त झाला."

"मग पिंपं..."

"हात लावून तर बघ पिंपांना! आणि पुढची फोडणी मी घालणार."