ट्रकची ट्यूब आणि विजयाबाईंचा समुद्र

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. ट्रकच्या चाकातली. मला टायर म्हणू नका, राग येतो. टायर बाहेर असतो, सगळ्यांना दिसतो, त्याच्या अंगावर कंपनीचं नाव असतं. मी आत असते. ट्रकचा सगळा भार माझ्यातली हवा पेलते, पण मी फुटेपर्यंत कोणी माझं नाव काढत नाही.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून मला काढलं, हवा भरायची पितळी वाकडी नळी बसवली आणि पांढरी पावडर फासून खोक्यात घातलं. तिथून मी ग्वाल्हेरला आले, तिथल्या हजीरा भागातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे. आमचा ट्रक दगडाच्या फरशा घेऊन आग्र्याच्या रस्त्याने जायचा. आठ वर्षं मी अंधारात गरगर फिरले. चार वेळा पंक्चर झाले. ती चारही ठिगळं अजून माझ्या अंगावर आहेत आणि एकही सुटलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे.

मग ट्यूब न लागणारे नवे टायर आले. काय म्हणता! आठ वर्षं राबले आणि एका सकाळी मला गॅरेजच्या कोपऱ्यात फेकून दिलं. भंगारवाला येणार होता. पण गॅरेजचे फोरमन महिपतराव यांनी मला उचललं, पाण्याच्या टबात बुडवून कुठे बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि म्हणाले, "इसमें अभी जान है." त्या दिवशी मी त्यांच्या स्कूटरवर बसून दर्पण कॉलनीतल्या घरी गेले.

महिपतरावांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले होते. घरात घोडा-तलवार राहिली नव्हती, पण हुकूम सोडायची सवय मात्र शाबूत होती. दर उन्हाळ्यात ते मला मुरार गावाच्या पलीकडे त्यांच्या चुलतभावाच्या शेतातल्या विहिरीवर न्यायचे आणि पोरांना पोहायला शिकवायचे. "घाबरायचं नाही! पाय मारा!" असं ओरडत त्यांनी चाळीस-पन्नास पोरं तयार केली. पुतणे, भाचे, कॉलनीतली मुलं, त्यांचा मुलगा संग्रामसिंह, मुलगी विनिता, सगळी माझ्याच आधाराने पोहायला शिकली. पोरं मला कवटाळायची, माझ्यावर चढायची, माझ्यावरून भांडायची. ट्रकमध्ये असताना मला कोणी 'शाबास' म्हटलं नव्हतं, विहिरीत रोज म्हणायचे.

आणि विजयाबाई? महिपतरावांच्या पत्नी विहिरीच्या काठावर बसायच्या. पंचे, चपला, घड्याळं, पुऱ्यांचा डबा, सगळं सांभाळत. कोणाला ते वावगं वाटायचं नाही. खरं सांगते, मलाही वाटलं नाही. घरातली मंडळी एकदा द्वारकेला गेली, तेव्हाही सगळे समुद्रात आणि विजयाबाई वाळूत सामानापाशी. त्या सहलीचे फोटो दिवाणखान्यात लावलेत. एकाही फोटोत विजयाबाई ओल्या नाहीत.

पुढे मुलं मोठी झाली. विहिरीवर जाणं बंद पडलं. मी गच्चीवरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली, हवा अर्धी गेलेली, अंगावर धूळ. आठ-नऊ वर्षं कोणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात त्या खोलीत कसं भाजून निघतं ते मलाच ठाऊक. रबराला ऊन फार वाईट, मित्रांनो. एवढं लक्षात ठेवा.

विनिता लग्नानंतर ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राहायला गेली होती. गेल्या वर्षी मे महिन्यात तिने व्हिडिओ कॉल केला. इथे पंखासुद्धा गरम हवा फेकत होता, म्हणून विजयाबाई पहाटेच फोन घेऊन गच्चीवर आल्या होत्या. मी खिडकीतून सगळं ऐकलं. विनिता फोन फिरवून दाखवत होती. "हे बघा आईसाहेब, घरापासून दहा मिनिटं चाललं की समुद्र. किनाऱ्याला लागूनच चालायचा रस्ता. जागोजागी बाकं, पाय धुवायला नळ, आंघोळीला शॉवर, सब फ्री. आणि ही बघा आजी, सत्त्याहत्तर वर्षांची आहे, रोज येते."

विजयाबाईंनी विचारलं, "ती काठावर बसते का गं?"

"नाही हो, पोहते."

विजयाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन त्या आजीला नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "तिकिटं काढ. पण एक सांगून ठेवते. मला समुद्रात उतरायचंय. वाळूत बसायला मी एवढ्या लांब येणार नाही."

घरात गोंधळ उडाला. विजयाबाई सदुसष्ट वर्षांच्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. संग्रामसिंह म्हणाला, "आईसाहेब, इस उम्र में? काही झालं तर?" महिपतरावांनी एवढंच म्हटलं, "अहो, गुडघे बघा तुमचे."

"गुडघे जमिनीवर दुखतात," विजयाबाई म्हणाल्या. "पाण्यात दुखतात का ते बघायचंय. तुम्ही जगाला शिकवलंत. मला शिकवणार की मी दुसरा मास्तर शोधू?"

चाळीस-पन्नास जणांना शिकवलं आणि हिला कधी विचारलंसुद्धा नाही, हे बहुतेक महिपतरावांना त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. ते तडक वर आले, मला खिळ्यावरून काढलं, झटकलं आणि पंप लावला. माझ्यात हवा शिरली तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू! वाटलं, चला, अजून काम आहे.

पहिल्या दिवशी विजयाबाई सुती साडी नेसूनच विहिरीत उतरल्या. ओली साडी म्हणजे काय वजन असतं! पायांत गुंडाळली गेली, त्यांना पाय हलवता येईनात आणि डोकं एकदा पाण्याखाली गेलं. त्यांनी मला असं घट्ट धरलं की माझी जुनी ठिगळं ताणली गेली. काठावर आल्यावर महिपतराव म्हणाले, "बस झालं. होत नाही तुमच्याने."

विजयाबाई नाकातलं पाणी काढत म्हणाल्या, "माझ्याने होतं. साडीच्याने होत नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई अपर्णाने आपली ट्रॅक पँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट दिला. महिपतरावांनी मान दुसरीकडे वळवली. अपर्णा खुदकन हसली. "आबासाहेब, उधर देखोगे तो सिखाओगे कैसे?" मग त्यांना बघावंच लागलं.

आता माझा एक दोष कबूल करते. माझी पितळी नळी. ट्रकच्या ट्यूबची नळी लांब आणि वाकडी असते, ती पोहणाऱ्याच्या बरगडीत रुतते. पोरं लगेच बोंब मारायची. विजयाबाई काही बोलल्या नाहीत. चार दिवस त्यांच्या कुशीत ती नळी घासत होती, काळानिळा डाग पडला होता, आणि मला लाज वाटत होती पण मी काय करणार? पाचव्या दिवशी महिपतरावांना तो डाग दिसला. "सांगितलं का नाही?" ते रागावले. विजयाबाई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवणं बंद केलं असतं." महिपतरावांनी आपल्या जुन्या धोतराची पट्टी फाडली आणि माझ्या नळीला घट्ट गुंडाळली. हात हळुवार चालत होता. त्या दिवसापासून ते विजयाबाईंवर ओरडले नाहीत, नीट समजावून सांगू लागले.

आठवड्यातून तीन दिवस, पितृपक्षापर्यंत, हे चाललं. त्या आधी मला धरून पाय मारायला शिकल्या, मग एका हाताने धरून, मग नुसता पंजा टेकवून. विहिरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकट्या गेल्या तेव्हा काठावर शेजारच्या पद्माताई होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. महिपतरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले की विहिरीचं पाणी उडालं.

दिवाळीनंतर निघायचं ठरलं. महिपतरावांनी जाहीर केलं, "ट्यूब येणार." विनिता फोनवर ओरडली, "आबासाहेब, यहाँ सब मिलता है!" पण ते ऐकेनात. बॅगेचं वजन जास्त झालं, तर त्यांनी चिवड्याचे दोन डबे बाहेर काढले आणि मला ठेवलं. चिवड्याच्या वर माझा नंबर लागला, मित्रांनो! विजयाबाईंनी मला साबण लावून ब्रशने घासलं, कारण तिकडे मातीचा कणसुद्धा चालत नाही असं विनिताने बजावलं होतं. तिकडच्या विमानतळावर बॅग उघडली. अधिकाऱ्याने मला उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. विजयाबाई पुढे झाल्या आणि छातीवर हात ठेवून ठणकावून म्हणाल्या, "स्विमिंग. मी." तो हसला आणि बॅग बंद केली.

आणि ते शहर! मी आयुष्यभर चाकात फिरले, असं गाव पाहिलं नव्हतं. एकीकडे उंचच उंच इमारती आणि त्यांच्या पायाशी लांबलचक पांढरट वाळू. किनाऱ्याकडे ट्राम जाते. सकाळी पाचलाच उजाडतं आणि सगळं गाव रस्त्यावर असतं, कोणी धावतंय, कोणी कुत्र्याला फिरवतंय, एक पांढऱ्या दाढीचे आजोबा काखेत फळी मारून लाटांवर निघालेत. ऊन असतं, पण वारा अंगाला लागतो, आमच्याकडच्या गरम लूसारखा भाजत नाही. मासे साफ करायच्या कट्ट्यावर मोठ्या चोचींचे पेलिकन रांग लावून उभे राहतात. बागेत विजेच्या शेगड्या आहेत, कोणीही यावं, बटण दाबावं आणि शिजवावं. विजयाबाईंनी तिथे थालीपिठं लावली. शेजारच्या बाकावरचं जोडपं वासाने उठून आलं, तर त्यांनाही एकेक दिलं. संध्याकाळी महिपतराव बाकावर बसून म्हणाले, "इथे म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही कोणाला."

तिसऱ्या दिवशी आम्ही पाण्याकडे गेलो. महिपतरावांनी मला पूर्ण फुगवून खांद्यावर घेतलं होतं. वाळूत लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले होते, त्यांच्या मधेच उतरायचं असा तिथला नियम. आम्ही झेंड्यांपाशी पोचतो तोच पहाऱ्यावरची जीवरक्षक मुलगी पळत आली आणि माझ्याकडे बोट दाखवून मान हलवली. विनिताने समजावलं, "ट्यूब नाही चालणार, आबासाहेब. वारा आणि लाट तिला आत ओढून नेतात, आणि तिच्याबरोबर माणसालाही."

महिपतरावांचा चेहरा उतरला. ते विनितामार्फत त्या मुलीशी वाद घालू लागले, चाळीस पोरं, विहीर, सगळं सांगून झालं. ती अदबीने ऐकत होती आणि नाहीच म्हणत होती. शेवटी ते वळले. "चला. ट्यूबशिवाय उतरायचं नाही. उद्या शांत पाण्याची जागा शोधू."

माझं काय झालं असेल? चार महिने मी हिला तयार केलं, सात समुद्र ओलांडून आले, आणि ऐन वेळी माझ्यामुळेच ही परत फिरणार! मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं.

विजयाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी लाटांकडे पाहिलं. लाटा विहिरीसारख्या नव्हत्या, एकामागून एक येत होत्या आणि मोठ्याने आपटत होत्या. त्यांना भीती वाटत होती, ते मला दिसलं. त्यांनी चपला काढल्या, चष्मा काढला आणि दोन्ही महिपतरावांच्या हातात दिलं.

"ट्यूब नाही तर नाही. हात-पाय मला आहेत. तुम्ही बसा इथे, सामान बघा."

"अहो, मी येतो ना बरोबर!"

"नको. तुम्ही आलात तर मी तुम्हाला धरेन. विनिता आहे जवळ. बसा."

आणि महिपतराव बसले! पिढ्यान्‌पिढ्या हुकूम सोडणाऱ्या घरातला माणूस वाळूत मांडी घालून बसला, एका हातात बायकोच्या चपला, मांडीवर चष्मा, शेजारी मी.

पहिली लाट गुडघ्याला लागली. दुसरीने विजयाबाईंना सरळ खाली पाडलं. महिपतराव उठून उभे राहिले. त्या खोकत वर आल्या, अंबाडा सुटलेला, तोंडात वाळू. मला वाटलं, आता परत येतील. पण त्या किनाऱ्याकडे पाठ करून अजून दोन पावलं आत गेल्या. छातीएवढं पाणी झालं. लाट आली तेव्हा त्या तिच्याबरोबर वर उचलल्या गेल्या, हात फिरवले, पाय मारले, आणि मी मोजलं, नऊ हात पोहल्या. मग उभ्या राहून त्यांनी एवढ्या मोठ्याने हाक मारली की सगळा किनारा वळून बघू लागला.

"अहो! गुडघे दुखत नाहीत!"

महिपतराव लहान मुलासारखे हसत होते आणि रडत होते. ती जीवरक्षक मुलगी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिने टाळ्या वाजवल्या. विजयाबाई तासभर बाहेर आल्याच नाहीत. मी कोरडी पडून होते, वाळूने माखलेली, आणि मला जरासं वाईटही वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्याशिवाय त्यांचं सगळं चाललं होतं. पण एवढा आनंद मला कुठल्याच विहिरीत झाला नव्हता.

आता आम्ही परत ग्वाल्हेरला आलो आहोत. मला सावलीतल्या भिंतीवर दोन खिळ्यांना नीट टांगलंय, घडी न घालता, पावडर लावून. होळी झाली की विहिरीवर नवी बॅच सुरू होणार आहे, पन्नाशीच्या पुढच्या बायकांची. पहिलं नाव पद्माताईंचं आहे. त्यांचा मुलगा "अम्मा, रहने दो" म्हणतोय आणि त्या ट्रॅक पँट शिवून घेतायत. शिकवणार आहेत विजयाबाई.

मित्रांनो, माझी काळजी घ्याल, मला उन्हात टाकणार नाही, हे मी धरून चालते. मागणं दुसरंच आहे. पुढच्या सुट्टीत नदीवर, तलावावर, समुद्रावर जाल, तेव्हा पाण्यात उडी मारण्याआधी एकदा मागे वळून बघा. तुमच्या चपला घेऊन जी बसली आहे, तिला विचारा की आई, मावशी, आजी, तुला यायचंय का? ती नाहीच म्हणेल. पुन्हा विचारा.