झाकणाच्या आतली बाजू

नाना गेले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडलं. त्यात गूढ काही नव्हतं. आतलं तेल सुकलं होतं आणि चावी द्यायची आठवण घरात कुणाला राहत नव्हती. नाना होते तोवर रोज सकाळी कोर्टाचा काळा कोट चढवण्याआधी ते चावी द्यायचे आणि छोटा पराग शेजारी उभा राहून फेरे मोजायचा. ओकटी, रेंडू, मूडू... तेलुगू आकडे तो त्या घड्याळावरच शिकला.

चौऱ्याण्णव साल होतं. हैदराबादेत काचेची थंडगार दुकानं नवी नवी उघडत होती. जुनं घड्याळ द्या, नव्यावर सूट घ्या, अशी पाटी वाचून कुकटपल्लीच्या कारखान्यातून सुटलेला पराग अशाच एका दुकानात शिरला. टायवाल्या विक्रेत्यानं झाकण काढून बाजूला पालथं ठेवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि सुतकी चेहऱ्यानं सांगितलं, की तबकडीवर नाव बड्या कंपनीचं असलं तरी आतलं मशीन त्यांचं नाही, दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचं आहे.

परागचे कान तापले. हे त्यानं वेगळ्या शब्दांत फार वेळा ऐकलं होतं. पाच वर्षांचा असताना नानांनी त्याला नांदेडकडच्या आपल्या शेतकरी चुलतभावाकडून दत्तक घेतलं. तिकडचा आंबू इकडे हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या घरी येऊन पराग झाला. मग प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी मावशी आईला विचारायचीच, "इंदुमती, आणलेला मुलगा तो हाच का गं?" आणलेला! जशी काही बाजारातून मेथीची जुडी. नानांच्या तोंडी तो शब्द कधी आला नाही. पण ते पडले वकील, मनातलं चेहऱ्यावर थोडंच दिसू देणार? नानांनी आपल्याला खरंच आपलं मानलं होतं का, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि ते परागला आत सलत होतं.

"नकली निघालं. देऊन टाकतो," तो घरी येऊन म्हणाला.

"द्यायचं तर दे," इंदुमतीबाई म्हणाल्या, "पण आधी भगवंतरावांना दाखव. त्यांच्याशिवाय नानांनी ते कुणाला उघडू दिलं नाही."

भगवंतरावांचं दुकान सुलतान बाजारात, बांगडीवाला आणि पुस्तकवाला यांच्या मधल्या फटीत. त्यांनी घड्याळ उघडलं आणि परागचं ऐकून ते खवळलेच.

"नकली? कोण बोलला? बुलाव त्याला इथं! अहो, त्या काळी मोठमोठ्या कंपन्यांचं असंच चालायचं, आजही चालतं. कच्चं मशीन करणारे कारखाने वेगळे. या कंपन्यांनी ते घ्यायचं अन् मग मेहनत करायची. ही पट्टी बघा, हातानं घासून चमकवली. मशीनची चाल जलद-मंद करायचा हा आतला काटा यांचा स्वतःचा. आडवं, उभं, उलटं ठेवून दिवसचे दिवस वेळ जुळवत बसायचे. तेव्हा कुठं आपलं नाव टाकायचे. लपवाछपवी कायकू? ज्वारी गावाकडून आली म्हणून भाकरी तुमच्या आईची नाही होत का?"

"पण जन्म तर दुसरीकडचाच ना?" परागच्या तोंडून निघून गेलं.

भगवंतरावांनी भिंग काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. "आठ दिवसांनी या," एवढंच म्हणाले.

आठ दिवसांनी घड्याळ टिकटिकत होतं, झाकण मात्र अजून उघडंच होतं. भगवंतरावांनी ते त्याच्या हातात दिलं आणि भिंगही दिलं.

"आमची जुनी रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं, की झाकणाच्या आत सुईनं तारीख कोरायची. अन् मालक बदलला, की नाव. वाचा."

अक्षरं मोहरीएवढी होती. सगळ्यात वर नानांच्या वडिलांचं नाव होतं, एकनाथ. खाली काही तारखा, मग केशव, म्हणजे नाना. पुन्हा एक तारीख, एकोणसत्तर सालच्या एप्रिलची, आणि तिच्या शेजारी पराग.

त्या तारखेला त्याला चिक्कडपल्लीत येऊन आठवडाही झाला नव्हता. तो रात्री 'गावाला जायचं' म्हणून रडायचा आणि पराग म्हणून हाक मारली तर ओ द्यायचा नाही.

"मी म्हटलं, वकीलसाब, मालक तर तुम्हीच. पोराचं नाव आत्ताच कायकू?" भगवंतराव सांगत होते. "तर म्हणाले, मालक आला माझ्या घरी. मी आता फक्त चावी देणारा."

परागला रडू आवरेना. बाजाराची गर्दी समोरून जात होती, पण त्याला रडण्याची लाज वाटली नाही.

भगवंतरावांनी सुई उचलली. "आजची तारीख टाकतो. अन् नाव? नाना तर गेले..."

"फक्त तारीख टाका," पराग म्हणाला. "नाव आहे."