जिथं स्वल्पविराम नव्हता

“नावाड्यानं मागं वळून पाहिलं, स्वल्पविराम, पण काठ उरला नव्हता, पूर्णविराम.”

तिचा हा आवाज त्यानं छापखान्याच्या माळ्यावर पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्याची नजर घारीची होती. ती मूळ प्रत मोठ्यानं वाचायची. तो समोरच्या मुद्रितावर, म्हणजे तपासायला आलेल्या कच्च्या छापील पानावर, बोट सरकवत चुका टिपायचा. कामाची रीतच तशी होती. वाचणारीनं विरामचिन्हांसकट वाचायचं, म्हणजे काही निसटत नाही. त्याला सगळे ‘भिंग’ म्हणत. पुढं दोघांचं जमलं, तेव्हा खालचा यंत्रवाला म्हणाला होता, यांचं भांडणसुद्धा अवतरणचिन्हांत चालेल.

आता भिंगाच्या डोळ्यांत मधोमध धुकं बसलं होतं. दाराची चौकट दिसायची, दारातलं माणूस दिसायचं नाही. पण डोळे गेले तर गेले, कान होते. कान होते तर ती होती. संध्याकाळी दिवा लावून ती वाचायला बसे, अजूनही स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. त्याचा सगळा दिवस त्या वाचनाकडं तोंड करून बसलेला असे.

अशात एका सकाळी ती म्हणाली, तुमच्यासाठी ई-रीडर घेऊ या. अक्षर हवं तेवढं मोठं होतं म्हणे.

कंटाळली, त्याला वाटलं. वाचून वाचून जीव विटला असेल बिचारीचा. हल्ली ती भलत्याच जागी थांबायची. जिथं स्वल्पविराम नव्हता तिथं. तेही त्यानं कंटाळ्यातच धरलं होतं. विचारायचा मात्र धीर झाला नाही. ‘हो, कंटाळले,’ असं ती म्हणाली असती तर?

दुकानात तो लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखा खुर्चीवर बसला. ती मात्र पुरत्या तयारीनं आली होती. पहिलं यंत्र रंगीत, झगझगीत निघालं. तिनं ते परत सारलं, उजेड डोळ्यांत घुसतो म्हणाली, कागदासारखा पडदा दाखवा. दुसरं फक्त आपल्याच कंपनीकडून घेतलेली पुस्तकं उघडत होतं. आमची पुस्तकं आमच्या घरची, असं म्हणून तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ तिला देऊन टाकल्या होत्या.

तिसऱ्यावर पीडीएफ उघडली, पण अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळू लागली. विक्रेत्या मुलीनं समजावलं की पीडीएफचं पान छापल्यासारखं गोठलेलं असतं. ईपब असेल तर अक्षर वाढेल तशी ओळ आपोआप दुमडते.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “अर्धी पुस्तकं ईपब करून ठेवलीत.”

“हे कधी केलंस?” भिंगानं खुर्चीतून विचारलं.

“दुपारी. तुमचं घोरणं ऐकत.”

मुलगी हसली आणि सगळ्यात मोठ्या अक्षरातलं एक पान तिनं त्याच्यापुढं धरलं. त्यानं मान वाकडी करून, नजरेच्या कडेनं, एकेक शब्द वेचला.

“इथं अनुस्वार राहिलाय.”

“काका, हे नुसतं नमुन्याचं पान आहे.”

“नमुन्यातच हे, मग पुढं आनंदच.”

बायकोनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिला पान उलटायला बोटाला लागतील अशी बटणं हवी होती. आणि एमपीथ्री चालायला हवं होतं. गाणी ऐकायची आहेत का, मुलीनं विचारलं. हे यंत्र पुस्तक स्वतःच वाचून दाखवतं की. तिनं ते लावलं. एक सपाट आवाज वाक्यामागून वाक्य तुडवत निघाला.

“ही बाई श्वासच घेत नाही,” भिंग खूश होऊन म्हणाला. काम फिसकटतंय असं त्याला वाटलं.

“म्हणून तर विचारतेय,” बायको म्हणाली. “एमपीथ्री चालतं का?”

चालत होतं. तिनं तेच घेतलं.

घरी आल्यावर तिनं त्याचा अंगठा धरून बटणांवरून फिरवला. हे पुढच्या पानाचं, हे आवाजाचं. त्यानं हात मागं ओढला. तू आहेस ना वाचायला, असं पुटपुटला.

“दाबा तरी.”

त्यानं दाबलं.

“नावाड्यानं मागं वळून पाहिलं, स्वल्पविराम, पण काठ...” इथं आवाज तुटला. एक ओढून घेतलेला श्वास, दाबलेला खोकला, आणि मग, “उरला नव्हता, पूर्णविराम.”

ती शेजारी बसून वाचायची तेव्हा तो तिच्या सोबतीत बुडालेला असे. आज ती गप्प होती आणि तिचा आवाज समोरच्या यंत्रात होता, एखाद्या मुद्रितासारखा. त्यानं ते वाक्य पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. ज्याच्या नजरेतून साधी वेलांटी सुटली नाही, त्याच्या कानांवरून हे महिनोन्‌महिने निघून गेलं होतं. हा कंटाळा नव्हता.

“किती वाचून ठेवलंस यात?” त्यानं विचारलं.

“कपाटातली वरची फळी झाली. खालची राहिलीय.”

“मग खालची इथं बसून वाच. माझ्याशेजारी. रोज थोडी. घाई कसली आहे?”

तिनं त्याच्या अंगठ्यावर आपला हात ठेवला. तो हात किती हलका झालाय, हेही त्याला आत्ताच कळत होतं.

“घाई आहे हो,” ती म्हणाली. “फुप्फुसात गाठ आहे माझ्या. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. तुम्हाला सांगणारच नव्हते मी. पण मी गेल्यावर संध्याकाळी या घरात कुणीच बोलणार नाही, हे काही केल्या सोसेना.”