मागच्या दांड्याची साक्ष

मित्रांनो, मोटारसायकलवर मागे बसलात आणि गाडीने पहिला गचका दिला, की तुमचा हात तुम्हाला न विचारता ज्याला जाऊन धरतो, तो सीटमागचा लोखंडी दांडा म्हणजे मी. आता मी जुना झालो आहे. माझ्यावरचा चकचकीत मुलामा मधोमध उडाला आहे. तिथे बोटे घासून घासून आलेला गुळगुळीतपणा तेवढा उरला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मी एक सरळ नळी होतो. यंत्राने मला दोन ठिकाणी वाकवले आणि माणसांच्या उपयोगी पडायचे तर वाकावे लागते, हे मला पहिल्याच दिवशी कळले. तपासनिसाने मला दोन्ही हातांनी ओढून पाहिले. मी तुटलो नाही, म्हणून त्याने कागदावर बरोबरची खूण केली. माझ्या आयुष्यातले एवढे एकच लेखी कौतुक.

दुकानात लोक इंजिन पाहत, टाकीवरून हात फिरवत, हॉर्न वाजवून बघत. माझ्याबद्दल एकाच गिऱ्हाइकाने चौकशी केली. तो म्हणाला, "हा मागचा काढून टाकला तर गाडी जास्त छान दिसेल का हो?" त्याच्या मागे कोणी बसत नसावे.

आमची गाडी घेतली ती एका चष्म्याच्या दुकानदाराने. सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. त्यांच्या बायकोला गल्लीतली मंडळी मावशी म्हणत. गाडी घरी आली तेव्हा चष्मेवाल्यांनी वेग, ब्रेक आणि दिवा यांवर छोटेसे भाषण केले. मावशी उभ्या गाडीवर मागे बसल्या, मला धरून दोनदा हलवले आणि म्हणाल्या, "हं. हा बरा आहे." त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

मित्रांनो, पुढे बसणाऱ्याला गाडी किती वेगात आहे ते काट्यावर दिसते. मला ते मागच्याच्या हातावरून कळते. दोन बोटे टेकलेली असली की रस्ता सरळ आहे. अख्खी मूठ वळली की समोर ट्रक आहे. दोन्ही हात आले की वळणावर खडी पसरलेली आहे आणि चष्मेवाले काहीतरी सिद्ध करून दाखवत आहेत. गावाबाहेर तळ्याकडे जाणारा एक लांब उतार होता. तिथे मावशींचा हात मला सोडूनच द्यायचा. वारा अंगावर घेत त्या काहीतरी गुणगुणायच्या. म्हणजे माझी गरज सर्वांत जास्त होती त्याच जागी माझी किंमत शून्य व्हायची. आनंद आणि अक्कल एका सीटवर मावत नाहीत, हे मी तिथे शिकलो.

या जोडप्याची मुलगी, जिला घरात ताई म्हणत, मोठी झाली आणि इस्पितळात हाडांच्या वॉर्डात परिचारिका झाली. गाडी घराच्या खिडकीखाली उभी असते, त्यामुळे घरातले बोलणे मला ऐकू येते. आपल्या कानावर पडू नये असे बोलणे तर हमखास येते.

"बाबा, आमच्या वॉर्डात अठरा खाटा आहेत. त्यातले अकरा दुचाकीवाले."

"आणि उरलेले सात?"

"कोणी जिन्यावरून पडलंय, कोणी बाथरूममध्ये घसरलंय."

"बघ! जिन्याविरुद्ध कोणी ब्र काढत नाही. नाव फक्त मोटारसायकलचं."

"आई, तू हसू नकोस. पुढच्याच्या हातात निदान ब्रेक तरी असतो. तुझ्या हातात काय असतं?"

मावशींच्या हातात मी असतो, पण हे सांगायला मला तोंड नव्हते. ताईने दुसऱ्या दिवशी आईसाठी हेल्मेट आणले. तोवर त्या घरात पुढे बसणाऱ्याचे डोके तेवढे मौल्यवान समजले जाई. मागचे डोके आपले असेच, सोबतीला.

मग एक दिवस चौकात डावीकडून टेम्पो आला. सरळ, ठळक, हॉर्न वाजवत आला. चष्मेवाले मात्र रस्ता मोकळा असल्यासारखे पुढे निघाले. मावशींची मूठ माझ्यावर अशी आवळली की त्यांच्या बांगडीचा चरा अजून माझ्यावर आहे. त्यांनी डाव्या हाताने चष्मेवाल्यांच्या डाव्या खांद्यावर टिचकी मारली. ब्रेक लागला. टेम्पोवाला जाता जाता त्यांच्या खानदानाविषयी बोलला. चष्मेवाले म्हणाले, "काय एकेक गाड्या चालवतात!" मावशींनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

त्यानंतर हा रिवाजच पडला. मावशींचा उजवा हात माझ्यावर आणि डावा त्यांच्या खांद्यावर. एक टिचकी म्हणजे डावीकडून गाडी आहे. दोन म्हणजे थांबा. पाठीवर तळवा म्हणजे जा, मोकळे आहे. हे दोघांनी कधी ठरवले नाही. "टिचकी का मारतेस?" असे चष्मेवाल्यांनी विचारले नाही आणि मावशींनी सांगितले नाही. दोन वर्षे दोघे मिळून एक माणूस म्हणून गाडी चालवत होते.

यात गंमत अशी, की चष्मेवाले दिवसभर दुकानात लोकांना तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावायचे. रिकाम्या वेळी स्वतःही वाचायचे, अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत, आणि घरी येऊन सांगायचे, "घारीची नजर आहे अजून!" समोरचे त्यांना खरेच लख्ख दिसत होते. पण मित्रांनो, तक्ता भिंतीवर समोर टांगलेला असतो. टेम्पो तसा येत नाही.

एका सकाळी मावशींना ताप होता. एका आजीबाईंचा चष्मा पोचवायला चष्मेवाले एकटेच निघाले. माझ्यावर हात नव्हता आणि त्यांच्या खांद्यावरही नव्हता. बाजाराच्या कोपऱ्यावर डावीकडून कोबीची हातगाडी आली. पुढचे मला नीट सांगता येणार नाही, कारण मी जमिनीकडे तोंड करून होतो. कोबीचे गड्डे मात्र बराच वेळ गडगडत राहिल्याचे ऐकू आले.

"अहो काका, एवढी मोठी हातगाडी! हिरवीगार! दिसली नाही?" भाजीवाला ओरडला.

चष्मेवाले कोबीत पडल्या पडल्या म्हणाले, "कुठली हातगाडी?"

त्यांना खोटे बोलायची सवय नव्हती. ते भाजीवाल्याला त्यांच्या सुरावरूनच कळले.  तो खाली बसला आणि त्याने त्यांचे डोके मांडीवर घेतले.

हेल्मेटने डोके वाचवले. गळ्याजवळचे हाड मोडले. ताईच्या वॉर्डात चष्मेवाले दुचाकीवाल्यांतले बारावे झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की हा काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे. गेली ती परत यायची नाही. उरली आहे ती औषधाच्या थेंबांनी टिकवता येईल.

ते घरी आले त्या दुपारी खिडकी उघडी होती.

"दोन वर्षांपूर्वी कळलं असतं ना, तर एवढी गेलीच नसती," ताई म्हणाली. "कसं कुणाच्याच लक्षात आलं नाही?"



"मला माहीत होतं," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"डावीकडचं ह्यांना दिसत नाही हे. मी टिचकी मारायचे."

"टिचकी?" ताईचा आवाज चढला. "आई, तुला कळत होतं आणि तू टिचकी मारत बसलीस?"

"तिला कशाला बोलतेस?" चष्मेवाले म्हणाले. "मलाही माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं?" आता मावशींची पाळी. "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला कळलं तर तू बसायची नाहीस मागे."

"आणि मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही गाडी काढायचा नाहीत!"

"वा!" ताई म्हणाली. "दोघांचा मिळून एक ड्रायव्हर. पण लायसन्सवर फोटो एकाचाच असतो, बाबा. आणि तो भाजीवाला? तो काय ह्या करारात होता? त्याच्या जागी एखादं पोर असतं म्हणजे?"

 

मग मावशी बोलल्या, आणि मित्रांनो, इतकी वर्षे त्यांचा हात ओळखणारा मीसुद्धा चकित झालो. "सगळ्यांना वाटतं, हौस ह्यांना आहे आणि मी आपली मागून फरफटत जाते. मला कुणी विचारलंय कधी? हौस माझी होती. आठवडाभर दुकान, चूल, येणारे-जाणारे, आणि मग रविवारी गाडीवर तेवढा एक तास. कुणी हाक मारत नाही, कुणी काही मागत नाही. तो एक तास जाऊ नये म्हणून मी गप्प बसले. ह्यांचा डोळा गेला माझ्यापायी."

"तुझ्यापायी नाही," चष्मेवाले हळूच म्हणाले. "मी चष्मेवाला आहे. मला तर कळायलाच हवं होतं."

त्यांनी धड हाताने खिशातून किल्ली काढली. टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "विकून टाक, ताई."

ताईने किल्ली उचलली, पण गाडी विकली नाही. का, ते तिने कोणालाच सांगितले नाही. तीन महिने आम्ही खिडकीखाली उभे होतो. सीटवर मांजर झोपे. माझ्या टोकांना गंजाचे तांबूस बुट्टे आले. मग एके दिवशी ताईने बोलावलेला गॅरेजवाला आला, त्याने मला निरखले आणि म्हणाला, "हा वाकलाय. नवीन टाकू?"

"सरळ करा," मावशी खिडकीतून म्हणाल्या. "कामाचा आहे तो."

ताईकडे कॉलेजात काढलेले लायसन्स होते. वॉर्डात नोकरी लागल्यापासून तिने ते कपाटातून बाहेर काढले नव्हते. आता दर रविवारी आईला मागे बसवून न्यायचे तिने ठरवले आणि अटी घातल्या: दोघींना हेल्मेट, जाड जाकिटे, घोट्यापर्यंतचे बूट, पावसात जायचे नाही आणि चाळिसाच्या वर काटा न्यायचा नाही. शेवटची अट वडिलांसाठी होती. "थेंब चुकले, तर आईचा रविवार चुकला." चष्मेवाले तेव्हापासून बाटली हातात घेऊन घड्याळासमोर बसतात.

पहिल्या रविवारी ताईने गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला मागे वळून बघत पुढे गेला. मावशींची दोन बोटेसुद्धा माझ्यावर नव्हती.

"अगं, वरात आहे का ही? जरा हलव."

"आई, मी रोज काय बघते ते तुला माहीत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तू पुढे आहेस."

तळ्याच्या उतारापाशी ताई थांबली. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, पुन्हा डावीकडे पाहिले. मग काटा चाळिसाच्या किंचित वर गेला. किती, ते मी सांगणार नाही. मावशींची मूठ माझ्यावर आवळली, आणि पुढून हेल्मेटच्या आतून एक विचित्र आवाज आला. अठरा खाटांचा हिशेब तोंडपाठ असलेली ती परिचारिका खदखदून हसत होती.

घरी परतलो तेव्हा चष्मेवाले पायरीवर बसले होते. "कसा होता रस्ता?" त्यांनी विचारले. मावशी हेल्मेटसकट त्यांच्या शेजारी टेकल्या आणि पाहिलेले सगळे सांगू लागल्या. डावीकडचे आधी सांगितले.

मित्रांनो, दोन चाकांवर बसू नका असे मी म्हणणार नाही. मग माझे कसे चालायचे? पण बसाल तेव्हा मला घट्ट धरा, आणि डोक्यावर हेल्मेट घाला, मागे असलात तरी. पुढच्याला काही दिसत नाही असे वाटले, तर ते खांद्याला सांगू नका, तोंडाने सांगा, गाडीवरून उतरून सांगा. त्याला राग आला तर येऊ द्या. आणि मोटारसायकल धुताना फडका टाकीवरून फिरवून झाला, की एकदा मागे माझ्यापर्यंतही येऊ द्या. तुमच्या घरातले कोणीतरी रोज मला धरून बसत असते.