बांबूची हजामत

आमच्या ह्यांचं सलून आता मुलगा सांभाळतो. पण जन्मभर लोकांच्या डोक्यांवर कात्री चालवलेला माणूस, घरी बसून हात शिवशिवणारच. माझ्या डोक्याला मात्र मी त्यांना हात लावू देत नव्हते. आजारपणातल्या औषधांनी केस पार गेले होते आणि आता उगवले ते कुठे दाट, कुठे विरळ. स्कार्फ काढून अंगणात बसावं, डोक्याला वारा लागावा, एवढीच माझी इच्छा. पण कुंपणापलीकडे दुर्बीण!

दुर्बीण म्हणजे शेजारच्या शिवणकामवाल्या बाई. मशीन खिडकीत, हात कापडावर आणि डोळे आमच्या अंगणात. हे नाव अर्थात मीच ठेवलेलं.

म्हणून मी कुंपणालगत शोभेचा बांबू लावला. सैरावैरा पसरणारा नव्हे, एका जागी बेट करून राहणारा. कुजलेलं खत घातलं, पाणी दिलं पण साचू दिलं नाही, गळलेली पानं बुंध्याशीच पसरली. पहिल्या वर्षी पठ्ठ्या ढिम्म हलला नाही. यंदा मात्र कोंब असे उसळले की बघता बघता दुर्बिणीची खिडकी पानांआड गेली. मला इतका आनंद झाला! रविवारी स्कार्फशिवाय बाहेर बसायचं मी ठरवूनच टाकलं.

रविवारी डोकं धुऊन पुसत होते, तर बाहेर कचकच. बघते तो काय, हे स्टुलावर उभे, हातात झाडं छाटायची कात्री, एक डोळा मिटून वरून पातळी बघतायत. सगळा बांबू छातीइतका, एका रेषेत! मी तशीच बाहेर धावले.

"अहो, काय केलंत हे?"

"अगं, फार वेडावाकडा वाढला होता. जरा सारखा केला. केसांसारखाच तो, वाढेल की परत!"

"डोंबल वाढेल! बांबूचा शेंडा एकदा छाटला की ती काठी जन्मात उंच होत नाही. जुन्या काठ्या बुंध्यातून काढायच्या असतात, वरून नाही. आता नवे कोंब येईपर्यंत मी काय घरात कोंडून घेऊ?"

"वहिनींचं खरं आहे हो, भाऊजी," खिडकीतून दुर्बीण म्हणाली. तिचा आवाज अगदी रडवेला. "मशीनवरून मान वर केली की डोळ्यांना किती गार वाटायचं! आता परत तुमची पत्र्याची शेड बघत बसू?"

आणि खरोखरच तिने शेडकडे बघून तोंड वाकडं केलं आणि मशीन सुरू केलं.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. टॉवेल खांद्यावर, डोकं उघडं, आणि ती माझ्याशी समोरासमोर बोलून गेली होती. माझ्या केसांचं तिला काही पडलेलं नव्हतं, बांबूचं दुःख होतं. मला हसू फुटलं ते आवरेना.

हे खाली उतरले. चेहरा एवढासा. "चुकलंच माझं. आता कात्रीला हात लावणार नाही."

"ही ठेवा," मी म्हटलं, "आणि आतून तुमची चांगली कात्री आणा."

मी खुर्ची ओढली आणि भर अंगणात बसले. ह्यांनी टॉवेल झटकून माझ्या गळ्याभोवती बांधला, मान हलकेच सरळ केली आणि जन्मभर गिऱ्हाइकांना विचारलेलं मला पहिल्यांदाच विचारलं,

"बोला, बारीक की मध्यम?"