घरात कोणी नाही

सासूबाई गेल्या त्याला आज तेवीस दिवस झाले. तेवीस दिवस एक गोष्ट माझ्या घशात अडकून बसली होती. सांगितली तर नवरा जन्मात माझं तोंड पाहणार नाही, आणि नाही सांगितली तर तो स्वतःला खाऊन संपवणार. इकडे आड, तिकडे विहीर.

आधी आमच्या ह्यांचा धंदा सांगते. लोकांच्या घरात हीटिंग-कूलिंग आपोआप चालवणारी यंत्रं बसवायची. माणूस हलला की भिंतीवरच्या सेन्सरला कळतं, आणि घर उबदार राहतं. दोन तास कोणी हललं नाही की यंत्र समजतं घर रिकामं आहे, आणि हीटिंग बंद करतं. तेवढीच वीज वाचते. इथे बर्फाचा मुलूख, म्हणून यंदा थंडीच्या आधी आमच्या घरीही बसवलं. सेन्सर पॅसेजमध्ये, येण्याजाण्याच्या वाटेवर. हे सगळीकडे तिथेच बसवायचे.

सासूबाईंचं आणि तापमान ठरवायच्या त्या भिंतीवरच्या डबीचं पहिल्या दिवसापासून वाकडं. आमची पाठ फिरली रे फिरली की आकडा सव्वीसवर! "थंडी माझ्या हाडांना विचार, त्या डबीला काय विचारतोस?" असं लेकाला म्हणायच्या. शेवटी ह्यांनी डबीला कुलूप घातलं. गुप्त आकडा टाकल्याशिवाय बटण चालेना. खोटं कशाला बोलू, मीच मागे लागले होते, "घाला एकदाचं कुलूप, रोजची कटकट नको." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता श्वास घ्यायचाही आकडा सांगून ठेवा मला."

त्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता. सासूबाईंचे गुडघे सुजले होते, म्हणून हे निघण्याआधी त्यांना त्यांच्या खोलीतल्या खुर्चीत बसवून गेले. मी निघताना त्यांनी कपाटातली जाड रजई मागितली. मला आधीच उशीर झालेला. मी म्हटलं, "घर गरम आहे आई, उगाच नाटकं नकोत." आणि दार ओढून घेतलं.

मी हॉटेलच्या धुलाईखात्यात काम करते. वाफेत उभं राहून चादरी इस्त्री करायच्या, घामाच्या धारा लागतात. अकराच्या सुमारास फोन वाजला. यंत्राच्या ॲपवर आलं होतं, 'घरात कोणी नाही. हीटिंग बंद.' मला वाटलं, आली वाटतं म्हातारीच्या गुडघ्यात ताकद, गेली असेल शेजारच्या मास्तरीणबाईंकडे गप्पा छाटायला. बरं झालं, तेवढीच वीज वाचली. अगदी हेच मनात आलं. दोन वाजता पुन्हा पाहिलं, तरी घरात कोणी नाही. शेजारी एक फोन केला असता तर? नाही केला. मेली ती रजई डोक्यात होती, रागच गेला नव्हता माझा.

संध्याकाळी हे माझ्या आधी घरी पोचले. सासूबाई खुर्चीच्या खाली पडलेल्या, पलंगावरची चादर अर्धी ओढून घेतलेली. डॉक्टर म्हणाले, गारठ्याने हृदय बंद पडलं.

नणंद आली आणि चारचौघांत भावावर तुटून पडली. "तुझ्या यंत्रानं खाल्लं माझ्या आईला! कुलूप घालतोस होय तिच्या उबेला?" हे मान खाली घालून म्हणाले, "हो ताई, मीच मारलं आईला." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिथूनच आत वळले आणि चहाचं आधण ठेवलं.

तेव्हापासून ह्यांनी नवीन काम घेतलं नाही. आधी बसवलेल्या घरांची दारं वाजवत फिरतात. "तुमच्याकडे कोणी म्हातारं माणूस आहे का? दिवसभर बसून असतं का?" असं विचारतात आणि सेन्सर माणसाच्या खोलीत हलवून देतात. लोक वेड्यात काढतात. एकाने तर तोंडावर दार आपटलं. ह्यांच्या अंगात निव्वळ हाडं उरलीत.

आज आले ते बूट न काढताच बसले. म्हणाले, "आईला हाक मारायलासुद्धा कोणी नव्हतं गं." मग मला राहवलं नाही. भडाभडा सगळं सांगून टाकलं, रजई, अकराचा निरोप, दोनला पुन्हा पाहिलं ते, सगळं.

ते शांतपणे म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ॲप कोणी कधी उघडलं त्याची नोंद राहते. तू अकरा दहाला उघडलंस, मग दोनला. मी त्याच दिवशी पाहिलं."

"अहो, मग बोलला का नाहीत? ताई तुम्हाला नाही नाही ते बोलल्या, तेव्हा तरी!"

"तेव्हा तू बोलशील असं वाटलं होतं," ते म्हणाले. "मग वाटलं उद्या बोलशील."

मग हात धुऊन आले आणि जेवायला वाढ म्हणाले. मी वाढलं. त्यांनी सगळं जेवण संपवलं, मला एक शिवी दिली नाही, की माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.